मळ्याचे नाव : शातो ओ-ब्रियों आणि तेथील तांबडी वाइन

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातील बोर्दो या शहरास लागून पेसाक नावाचे उपनगर आहे. एकेकाळी ते स्वतंत्र खेडे होते आणि त्याच्या आसपास द्राक्षमळ्यांखेरीज फारसे काही नव्हते. आज तेथे घरे, दुकाने व रस्ते यांची दाटी झाली असून त्या दाटीत सुमारे ५० हेक्टरांची एक द्राक्षवाडी टिकून राहिली आहे. तिचे नाव शातो ओ-ब्रियों. येथील तांबड्या वाइनची गणना जगातील अत्यंत मोलाच्या वाइनमध्ये होते. परंतु तिच्या किमतीपेक्षा अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे. एखादी वाइन तिच्या प्रदेशाच्या नावाने न ओळखता ती ज्या एका मळ्यात झाली त्याच्या नावाने ओळखावी, त्याच नावाने मागावी आणि त्या नावाखातर अधिक दाम मोजावे, ही रीत बोर्दोच्या व्यापारात ज्या मळ्यापासून सुरू झाली तो हा मळा होय. ही रीत का व कशी पडली याचा शोध घेऊ लागले की त्यामागून एक जुना प्रश्न उभा राहतो : श्रेष्ठत्व जमिनीचे, कसणाऱ्याच्या हाताचे, की मागणाऱ्याच्या हौसेचे?

प्रथम शब्दांविषयी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. ‘शातो’ या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ गढी किंवा वाडा असा आहे. बोर्दोच्या परिसरात मात्र गढी असो वा नसो, द्राक्षमळा, तेथील पिंपांची कोठारे आणि त्या सर्वांची मालकी मिळून जे होते त्यास शातो म्हणतात. ‘वाइन’ या शब्दास मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. दारू म्हटल्यावर ऊर्ध्वपातन करून काढलेले पेय डोळ्यांसमोर येते. वाइनमध्ये ऊर्ध्वपातन मुळीच नसते. केवळ रस आंबवून केलेल्या पेयास आयुर्वेदात आसव ही संज्ञा आहे आणि क्रियेच्या दृष्टीने ती जवळची आहे. परंतु द्राक्षासव हे औषध म्हणून रूढ झाल्यामुळे येथे वाइन हाच शब्द ठेवला आहे.

वाइनला स्थळाचे नाव देण्याची कल्पना नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसापासून होणाऱ्या ‘मधु’ नामक पेयाचा निर्देश असून त्याचे कापिशायन व हारहूरक असे प्रकार देशनामांवरून सांगितले आहेत. पाणिनीनेही कापिशी या नगरनामापासून होणाऱ्या रूपासाठी स्वतंत्र सूत्र केले आहे. तेव्हा अमुक मुलखाची वाइन चांगली, एवढे ज्ञान अतिप्राचीन समजावे. आजच्या कायद्यांतील बरीचशी नावेही याच जातीची आहेत. भारतात भौगोलिक निर्देशांकांचा १९९९ चा कायदा झाल्यानंतर ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाची नोंदणी झाली. तेही प्रदेशाचेच नाव होय. मुलखाचे नाव अनेकांचे असते आणि त्याची जबाबदारी कोणा एकावर नसते. मळ्याचे नाव एकाच मालकाचे असते. माल बिघडला तर दोष कोणाचा हे सर्वांस कळते.

मध्ययुगात बोर्दोचा सारा व्यापार मुलखाच्या नावावर चाले. ११५२ मध्ये आक्वितेनची वारस एलिनोर हिने हेन्री प्लँटॅजनेट याच्याशी विवाह केला. दोन वर्षांनी तो इंग्लंडच्या गादीवर आला आणि १४५३ पर्यंत बोर्दोवर इंग्रज राजांचा अंमल राहिला. या तीनशे वर्षांत दर शरद ऋतूत जहाजांचे तांडे नवी वाइन भरून इंग्लंडकडे निघत. ही वाइन फिकट तांबूस रंगाची असे. तिला फ्रेंचमध्ये ‘क्लॅरे’ म्हणत. इंग्रजीतील ‘क्लॅरेट’ हा शब्द त्यावरूनच आला. निरनिराळ्या मळ्यांतील माल व्यापारी एकत्र करीत, कारण कोणाचा कोणता हे सांगण्याचे काही प्रयोजनच नव्हते. ती टिकतही नसे. अर्धवट रिकाम्या पिंपात हवा शिरून उन्हाळ्यापर्यंत आंबटपणा येई आणि नव्या हंगामाचा माल येताच जुन्याचे भाव कोसळत. जी वस्तू वर्षभर टिकत नाही तिला नावलौकिक कसला मिळणार! आज जुन्या वाइनचे जे अप्रूप आहे ते त्या काळच्या ग्राहकास वेडेपणाचे वाटले असते.

ओ-ब्रियोंचे नाव कागदोपत्री मात्र जुने आहे. १५२१ च्या एका दस्तऐवजात या जागेच्या नावानिशी तेथील मळ्याच्या वाइनचा उल्लेख येतो. १५२५ मध्ये जाँ द पोंताक याचा विवाह झाला आणि पत्नीच्या वाट्याने या भूमीचा काही भाग त्याच्याकडे आला. पुढे १५३३ मध्ये त्याने तेथील जहागिरीचे हक्क विकत घेतले आणि १५४९ मध्ये गढीचे बांधकाम आरंभिले. तीच गढी फेरफारांसह आजच्या बाटल्यांवरील चित्रात दिसते. जाँ द पोंताक शंभरी ओलांडून गेला असे परंपरा सांगते. त्याचे खरे कर्तृत्व दीर्घायुष्यात नसून तुकडा तुकडा जोडून सलग मळा बांधण्यात आहे. त्या वेळी बोर्दोच्या आसपासची जमीन खंडाने लावलेल्या लहान वाफ्यांत विभागलेली होती. जेथे शंभर कुळांचे शंभर हात आहेत तेथे एकसारखा माल निपजत नाही, आणि एकसारख्या मालावाचून नावाला अर्थ नाही.

या मळ्याचा दुसरा कर्ता पुरुष सतराव्या शतकातील आर्नो द पोंताक हा होय. तो बोर्दोच्या पार्लमाँचा, म्हणजे प्रांतातील वरिष्ठ न्यायसभेचा, प्रथम अध्यक्ष होता. पदामुळे प्रतिष्ठा होती आणि अनेक मळे असल्यामुळे पैसाही होता. वाइन ताबडतोब विकून मोकळे होण्याची गरज ज्यास नाही, त्यालाच ती राखण्याचा प्रयोग करणे परवडते. बाष्पीभवनाने पिंपातील वाइन कमी होते ती वेळोवेळी भरून काढणे, तळाशी बसलेला गाळ मागे ठेवून वरची वाइन दुसऱ्या पिंपात काढणे, आणि रिकाम्या पिंपात गंधकाची वात जाळून ते निर्जंतुक करणे, या तीन गोष्टी या काळात बोर्दोमध्ये रुळू लागल्या. गंधकाची वात डच व्यापाऱ्यांनी आणली. फ्रेंचमध्ये तिला ‘डच काडी’ असेच नाव पडले. या सर्वांचा परिणाम असा की अधिक गडद, अधिक तुरट, पण दोन-चार वर्षे टिकणारी आणि टिकता टिकता सुधारणारी वाइन प्रथमच बाजारात आली. श्रेय एकट्या पोंताक घराण्यास देणे अतिशयोक्तीचे होईल. पण या नव्या वाइनला स्वतःच्या मळ्याचे नाव लावून ती लंडनला पाठविणारा पहिला मोठा मालक तोच, याविषयी फारसा मतभेद नाही.

लंडनमधील पुरावा स्वच्छ आहे. दुसरा चार्ल्स १६६० मध्ये गादीवर आला, त्या वर्षीच्या राजवाड्याच्या कोठार-वहीत ओ-ब्रियोंच्या बाटल्यांची नोंद आढळते. तीन वर्षांनी, १० एप्रिल १६६३ रोजी, आरमार खात्यातील अधिकारी सॅम्युएल पीप्स याने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले की लोंबार्ड स्ट्रीटवरील एका पानगृहात त्याने या नावाची फ्रेंच वाइन घेतली आणि तिची चव पूर्वी कधी न अनुभवलेली, अगदी स्वतःची अशी होती. नावाचे स्पेलिंग त्याने कानावर आले तसे, मोडूनतोडून केले आहे. वाइनच्या इतिहासात हा उल्लेख वारंवार दिला जातो तो योग्यच आहे. कारण एका सामान्य ग्राहकाने वाइनचे मळ्याचे नाव विचारले, लक्षात ठेवले आणि त्या नावाशी विशिष्ट चव जोडली, असे यात प्रथम दिसते. १६६६ च्या अग्निप्रलयात लंडन जळून गेल्यानंतर आर्नोने आपला मुलगा फ्रान्स्वा-ऑग्युस्त यास तेथे पाठविले. ‘पोंताक्स हेड’ या नावाने त्याने उघडलेली खाणावळ शहरातील प्रतिष्ठितांचे आवडते स्थान बनली. रॉयल सोसायटीची वार्षिक भोजनेही पुढे अनेक वर्षे तेथेच होत. मळ्याच्या मालकाने दूरच्या राजधानीत स्वतःचे पानगृह चालवावे, मधले दलाल टाळून ग्राहकास तोंडोतोंड नाव ऐकवावे, ही व्यापारनीती त्या शतकात फार पुढची म्हटली पाहिजे.

ही ख्याती ऐकूनच एक इंग्रज तत्त्वज्ञ प्रत्यक्ष मळा पाहावयास आला. प्रकृतीच्या कारणास्तव जॉन लॉक १६७५ ते १६७९ या काळात फ्रान्समध्ये राहिला होता. १४ मे १६७७ रोजी तो ओ-ब्रियोंस गेला आणि त्याने आपल्या टिपणवहीत जे लिहिले ते आजही या विषयाचे उत्तम प्रास्ताविक ठरेल. त्यास पश्चिमेकडे उतरता, उघडा उंचवटा दिसला. जमीन म्हणजे पांढरी वाळू आणि तीत मिसळलेले थोडे गोटे. असल्या भूमीत काहीही उगवू नये असे पाहणाऱ्यास वाटावे. मग त्याने एक गोष्ट नोंदविली. शेजारच्या मळ्यात व या मळ्यात केवळ एका चराचे अंतर. दोन्हींकडील माती डोळ्यांना सारखीच दिसते. तरी पलीकडची वाइन इतकी चांगली होत नाही, असे तेथील व्यापाऱ्यांनी त्यास खात्रीपूर्वक सांगितले.

लॉकने आणखी एक नोंद केली आहे आणि ती त्याच्या स्वदेशीयांस अनुकूल नाही. पूर्वी ५० ते ६० एक्यू या नाण्यास एक तोनो, म्हणजे सुमारे ९०० लिटर, उत्तम वाइन मिळे. आता ८० ते १०० पडतात. याचे कारण त्याच्या मते इंग्रजांचा मूर्खपणा. श्रीमंत लोक काय वाटेल ती किंमत द्या पण सर्वोत्कृष्ट तीच पाठवा, अशा आज्ञा धाडतात आणि भाव स्वतःच चढवून ठेवतात. म्हणजे एकाच भेटीत लॉकने दोन कारणे टिपली : चराच्या अलीकडची माती आणि खाडीपलीकडची हौस. शब्द आणि वस्तू यांच्या संबंधाविषयी पुढे ज्याने आपल्या प्रमुख ग्रंथाचा एक संपूर्ण भाग लिहिला, त्याच्या नजरेस हा पेच पडावा यात नवल नाही. त्याने तो सोडविला नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून तो पुढे गेला. नंतरच्या लेखकांनी मात्र पहिलीच उचलली, आणि माती हेच सर्वस्व अशी एक श्रद्धा त्यातून तयार झाली.

वस्तुतः हौसेच्या जोडीला सरकारी जकातीनेही या नावांस हातभार लावला. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्लंड व फ्रान्स यांच्यात वारंवार युद्धे झाली. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनवरील जकातीपेक्षा एक तृतीयांशाने कमी राहील असे ठरले. ही जकात मालाच्या किमतीवर नसून मापावर होती. स्वस्त वाइनच्या किमतीत ती मिळविली की किंमत कित्येक पट होई. महाग वाइनच्या किमतीत तीच जकात फारशी जाणवत नसे. तेव्हा साधी बोर्दो वाइन इंग्लंडच्या बाजारातून हटली, तिची जागा पोर्तुगीज मालाने घेतली आणि तगून राहिली ती केवळ अतिशय महागडी. अठराव्या शतकाच्या आरंभी शत्रूच्या जहाजांवरून पकडलेल्या मालाचे लिलाव लंडनच्या राजपत्रात जाहीर होत. त्या जाहिरातींत ओ-ब्रियोंबरोबर मार्गो, लाफित व लातूर ही नावे दिसू लागतात. (या लातूरचा आपल्याकडील लातूरशी नामसाम्यापलीकडे संबंध नाही, ‘ला तूर’ म्हणजे बुरूज.) आज जगाच्या तोंडी असलेली चार नावे अशा रीतीने युद्ध, जकात व लिलाव यांच्या चाळणीतून खाली उतरली आहेत.

आता मातीकडे वळू. ओ-ब्रियों ज्या पट्ट्यात मोडते त्याचे नावच ‘ग्राव्ह’, म्हणजे खडीगोट्यांचा प्रदेश. प्राचीन काळी नद्यांनी पिरेनीज पर्वताकडून वाहून आणलेले गारगोटीचे गोटे थरांनी साचले आणि नंतरच्या झिजेने त्यांचे लहान लहान उंचवटे उरले. अशाच उंचवट्यांवर हा मळा आहे. मधून वाळू आणि खाली काही ठिकाणी चिकणमाती. अन्नधान्याच्या दृष्टीने ही जमीन निकस. द्राक्षवेलीचे मात्र उलट आहे. सुपीक, ओलसर जमिनीत ती पानोळ्याने माजते, फळे मोठी व पाणचट होतात. गोट्यांच्या जमिनीत पावसाचे पाणी झटपट निचरून जाते आणि मुळांस ओलाव्याच्या शोधात खोल जावे लागते. दिवसाच्या उन्हाने गोटे तापतात. फळ रंग धरण्याच्या सुमारास पाण्याची थोडी ओढ लागली की कोंबांची वाढ थांबते आणि साखर, रंगद्रव्य व टॅनिन ही फळात साठू लागतात. फळ लहान राहिल्याने रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. तांबड्या वाइनचा रंग, तुरटपणा व टिकाऊपणा सालीतूनच येत असल्यामुळे ही गोष्ट निर्णायक आहे.

बोर्दो विद्यापीठातील जेरार सेगँ या संशोधकाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या परिसरातील श्रेष्ठ मळ्यांच्या मातीचा दीर्घकाळ अभ्यास केला. मातीतील अमुक क्षारामुळे वाइन उत्तम होते, असा संबंध त्यास कोठेही प्रस्थापित करता आला नाही. पाण्याचा पुरवठा मात्र सर्व श्रेष्ठ मळ्यांत सारख्या रीतीने नियंत्रित असलेला आढळला : अतिवृष्टीत मुळांशी पाणी साचत नाही आणि अवर्षणात ते सर्वस्वी तुटत नाही. मातीची चव वाइनमध्ये उतरते ही लोकप्रिय समजूत यामुळे बरीच ढिली पडते. माती चव देत नाही, ती वेलीचे वेळापत्रक ठरवते, असे फार तर म्हणता येईल. आणि निचरा ही काही अंशी मानवी करणीही आहे. मळ्यातून चर खणणे, उतार राखणे, पाणी ओढ्यापर्यंत नेणे ही कामे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. लॉकला दोन मळ्यांच्या मध्ये जो चर दिसला तो स्वतःच कोणीतरी खणलेला होता, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

शिवाय माती तीच राहिली तरी तिच्यातील वेल तीच राहिलेली नाही. १८७० नंतरच्या काळात फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने बोर्दोचे मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन वेलीच्या मुळावर युरोपीय वेलीचे कलम करणे हाच उपाय ठरला. आज ओ-ब्रियोंमध्ये तांबड्या वाइनसाठी मेर्लो, काबेर्ने सोव्हिन्यों व काबेर्ने फ्रां या जाती मुख्यत्वे आहेत. मेदोकमधील प्रथम श्रेणीच्या मळ्यांच्या तुलनेत येथे मेर्लोचे प्रमाण बरेच अधिक असते. मेर्लो लवकर पिकते, आणि शहराच्या उबेमुळे हा मळा एरवीही इतरांच्या आधी तोडणीस येतो. पीप्सने जी चाखली ती वाइन आणि आजची वाइन यांत नावाखेरीज समान काय आहे, असे कोणी विचारल्यास उत्तर देणे सोपे नाही.

मळ्याच्या मालकीचा पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. अठराव्या शतकात तो वारसाने फ्युमेल घराण्याकडे आला. १७८७ च्या मे महिन्यात अमेरिकेचा फ्रान्समधील वकील टॉमस जेफरसन याने बोर्दोस भेट दिली. सर्वोत्तम म्हणून त्याने नोंदविलेल्या चार मळ्यांत ओ-ब्रियों आहे आणि १७८४ च्या हंगामातील येथील बाटल्या त्याने आपल्या मेहुण्यास भेट म्हणून देऊ केल्या. क्रांतीच्या दहशतीत, १७९४ मध्ये, मालक जोझेफ द फ्युमेल याचा गिलोटीनवर वध झाला. १८०१ ते १८०४ ही तीन वर्षे परराष्ट्रमंत्री तालेराँ मालक होता. मुत्सद्द्याच्या मेजवानीला चांगल्या तळघराचे साहाय्य होते, एवढाच त्याचा या मळ्याशी संबंध दिसतो. नंतर काही हात बदलून १८३६ मध्ये लारिय या पतपेढीवाल्या कुटुंबाने तो घेतला.

१८५५ मध्ये पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरले. त्यासाठी बोर्दोच्या व्यापारी मंडळाने दलालांच्या संघाकडे तांबड्या वाइनची श्रेणीवार यादी मागितली आणि १८ एप्रिल रोजी ती सादर झाली. दलालांनी ना माती तपासली ना चव घेण्याचा समारंभ केला; त्यांच्या वह्यांत कित्येक दशकांचे भाव होते, त्यावरून त्यांनी क्रम लावला. पहिल्या श्रेणीत चार नावे आली : लाफित, मार्गो, लातूर व ओ-ब्रियों. बाकीची सारी यादी मेदोक प्रदेशातील मळ्यांची असताना बाहेरचा हा एकच मळा तीत घ्यावा लागला, कारण भावांच्या वह्या त्याला वगळू देईनात. पहिल्या श्रेणीत तेव्हापासून एकच भर पडली, ती १९७३ मध्ये मूतों-रोथशिल्डची. दोन शतकांपूर्वी ज्या हौसेस लॉकने मूर्खपणा म्हटले होते, तिचाच हिशेब अशा रीतीने प्रमाणपत्र होऊन बसला.

मातीने नाव केले, असे नेहमी म्हटले जाते. एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील पेसाकची हकीकत पाहता उलटेही म्हणावे लागते. १८४१ मध्ये बोर्दोहून ला तेस्तकडे जाणारी आगगाडी पेसाकवरून धावू लागली. शहर वाढले, जमिनीस घरांचा भाव आला. या पट्ट्यातील कित्येक मळे, ज्यांची खडी भूशास्त्रज्ञास वेगळी काढता येणार नाही, एकामागून एक वस्तीखाली गेले. राहिले ते थोडे, आणि ते ज्यांच्या नावाला घरांच्या भावापेक्षा अधिक भाव होता ते. विसाव्या शतकात ओ-ब्रियोंवरही तशीच वेळ आली होती. त्या वेळचे मालक आंद्रे जिबेर यांनी मळा कायम द्राक्षांखाली राखावा या अटीवर तो बोर्दो शहरास देऊ केला, पण शहराने स्वीकारला नाही, असे सांगितले जाते. पुढे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचे पतपेढीवाले क्लॅरेन्स डिलन यांनी तो विकत घेतला आणि आजही तो त्यांच्या वंशजांच्या संस्थेकडे आहे.

मालक परदेशी असले तरी कारभार स्थानिक हाती राहिला. १९२३ पासून जॉर्ज देल्मास, १९६१ पासून त्यांचे पुत्र जाँ-बेर्नार आणि त्यानंतर नातू जाँ-फिलिप अशा एकाच कुटुंबाच्या तीन पिढ्यांनी हे काम सांभाळले. १९६१ मध्ये येथे लाकडी हौदांऐवजी पोलादी हौद बसविले गेले. प्रथम श्रेणीच्या मळ्यांत हे धाडस सर्वांआधी येथे झाले. त्याचे कारण रसायनशास्त्राचे आहे. आंबण्याच्या क्रियेत किण्व साखरेचे मद्यार्कात व कार्बन डायऑक्साइडात रूपांतर करते आणि उष्णता निर्माण होते. हौदाचे तापमान फार चढले तर किण्व मरते, साखर अर्धवट राहते आणि तिच्यावर अनिष्ट जंतू वाढतात. पोलादी हौदावर थंड पाणी सोडून तापमान हाती ठेवता येते. त्यानंतर वाइन २२५ लिटरांच्या ओक लाकडाच्या पिंपांत दीड-दोन वर्षे मुरते. कोणत्या हौदातील वाइन मुख्य नावाखाली जावी आणि कोणती दुय्यम नावाखाली, हा निर्णय त्याआधी चाखून घेतला जातो. दुय्यम वाइनचे पूर्वीचे नाव ‘बहाँ ओ-ब्रियों’; २००७ च्या हंगामापासून ती ‘ल क्लारेन्स द ओ-ब्रियों’ म्हणून ओळखली जाते. मळ्यातील सर्वच वाइनला मळ्याचे नाव द्यावयाचे नाही, ही निवड नावाच्या रक्षणाचे आजचे मुख्य साधन आहे, आणि ती मातीने केलेली नसते.

लॉकच्या चराची कसोटी अलीकडे दोन प्रकारांनी पुन्हा लागली आहे. २०२३ मध्ये जिनीव्हा व बोर्दो येथील संशोधकांनी बोर्दो परिसरातील सात मळ्यांच्या १९९० ते २००७ या काळातील ८० तांबड्या वाइन घेतल्या. वायुवर्णलेखन या पद्धतीने त्यांच्या घटकांचे आलेख काढून ते यंत्रगणकास वाचावयास दिले. वाइन कोणत्या मळ्याची हे त्यावरून अचूक सांगता आले. वर्ष सांगण्यात मात्र निम्म्याच्या आसपासच यश आले. ओळख एखाद्या विशिष्ट द्रव्यात नसून शेकडो द्रव्यांच्या एकत्रित प्रमाणात होती. मळ्याचे नाव केवळ बाजाराची कल्पना आहे, असे म्हणणाऱ्यांस हे उत्तर आहे खरे. पण यंत्राने मळा ओळखला. त्या मळ्यातील माती ओळखली की तेथील माणसांची रीत, हे त्यातून वेगळे निघत नाही.

दुसरी कसोटी ओ-ब्रियोंच्या दारातच आहे. रस्ता ओलांडला की समोर ‘ला मिस्यों ओ-ब्रियों’ हा दुसरा जुना मळा लागतो. पिढ्यान्‌पिढ्यांची ही स्पर्धा १९८३ मध्ये डिलन कुटुंबाने तो विकत घेतल्याने संपली. तेव्हापासून दोन्ही मळ्यांची छाटणी, तोडणी व हौदांची देखरेख एकाच कारभाराखाली चालते. लॉकच्या वेळी माती सारखी दिसत होती आणि हात निराळे होते. येथे हात एकच आहेत आणि जमीन रस्त्याच्या दोन बाजूंस आहे. जाणकारांच्या मते दोन्ही वाइन चाळीसहून अधिक वर्षांनंतरही एकमेकींपासून वेगळ्या ओळखता येतात. मात्र दोन्हींकडील वेलींचे वय व जातींचे प्रमाण तंतोतंत सारखे नाही, म्हणून प्रयोगशाळेच्या अर्थाने यास प्रयोग म्हणता येत नाही. दोन मळे एकाच नावाखाली आणण्याचा मोह व्यापारी दृष्टीने कमी नसेल; तो मालकांनी टाळला आहे आणि दोन्ही वाइन आजही आपापल्या जुन्या नावाने बाहेर पडतात.